रोज पंचवीस-तीस संकेतस्थळे उघडून पाहण्याऐवजी आरएसएस फीड वापरता येतात का, आणि साचणारा ढीग कसा आवरावा?

आपण लिहिले आहे की रोज सकाळी पंचवीस-तीस संकेतस्थळे एकामागून एक उघडून नवे काही आले आहे का ते पाहण्यात आपला तासभर जातो, आरएसएस आता बंद पडले असे कोणीतरी आपल्याला सांगितले, आणि तरीही एक रीडर वापरून पाहिला तेव्हा आठवड्याभरात दीड हजार न वाचलेल्या नोंदी साचल्यामुळे आपण तो सोडून दिला. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि अनेक वर्षे प्राध्यापकांसाठी नियतकालिकांवर फीडच्या आधाराने लक्ष ठेवते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

संकेतस्थळ आपल्या नव्या नोंदींची यंत्राला वाचता येईल अशी यादी ठेवते, तिला फीड म्हणतात; आरएसएस हे त्या यादीचे एक ठरलेले स्वरूप, आणि अशा अनेक याद्या एका जागी दाखवणारे साधन म्हणजे रीडर. आरएसएस बंद पडलेले नाही. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९९ साली ते सुरू केले, २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली आणि २००५ च्या अखेरीस अ‍ॅटम हे त्याचे भावंड प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. आजचे रीडर दोन्ही प्रकार सारखेच वाचतात. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही फीड दाखवण्याची आपली सोय काढून टाकली, त्यामुळे सामान्य वाचकाच्या नजरेआड ही गोष्ट गेली, एवढेच. पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात, आणि वर्डप्रेसवर उभारलेले संकेतस्थळ मालकाने काहीही न करता स्वतःची फीड तयार करत असते. अनेकदा मालकालाच ते ठाऊक नसते.

फीडचा पत्ता शोधणे हे पहिले काम. बहुतेक रीडरमध्ये संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता चिकटवला तरी पुरते, कारण पानाच्या मजकुरात दडलेली फीडची ओळ रीडर स्वतःच हुडकून काढतो. तसे झाले नाही तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत ‘फीड’ हा शब्द टाकून पाहावा. निम्म्याहून अधिक वेळा माझे काम तिथेच भागते. तरीही न सापडल्यास संगणकावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा मूळ मजकूर उघडावा आणि त्यात रोमन अक्षरांत आरएसएस किंवा अ‍ॅटम शोधावे. फीड फक्त बातम्या आणि ब्लॉग यांचीच असते असेही नाही. मराठी विकिपीडियावरील कोणत्याही लेखाच्या इतिहासाच्या पानाला अ‍ॅटम फीड असते, पबमेड या वैद्यकीय संशोधनलेखांच्या सूचीत केलेल्या शोधाची फीड एका बटणावर मिळते, आणि आमच्या ग्रंथालयात वापरली जाणारी कोहा ही प्रणाली पुस्तकांच्या शोधाचीसुद्धा फीड देते, त्यामुळे आपल्या विषयाचे नवे पुस्तक दाखल झाले की प्राध्यापकांना ते मला न विचारता कळते.

रीडर कोणता, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. अँड्रॉइडवर फीडर हे मोफत अ‍ॅप खाते न उघडता चालते, अ‍ॅपलच्या यंत्रांवर नेटन्यूजवायर उत्तम आहे, ब्राउझरमध्येच वाचायचे असेल तर इनोरीडर किंवा फीडली पाहावे, आणि स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची तयारी असेल तर फ्रेशआरएसएस किंवा मिनिफ्लक्स. मी फ्रेशआरएसएस वापरते. कोणताही घेतला तरी दर महिन्याला आपल्या फीडची यादी ओपीएमएल या स्वरूपात उतरवून स्वतःकडे ठेवावी. ही साधी मजकुराची फाइल असते आणि जवळजवळ प्रत्येक रीडर ती वाचतो. पूर्वी मी वापरत असलेली एक छोटी सेवा अचानक बंद झाली, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी उतरवलेल्या अशाच फाइलमुळे माझी सव्वादोनशे फीडची यादी दहा मिनिटांत दुसरीकडे उभी राहिली.

आता आपल्या दीड हजार नोंदींकडे वळते, कारण खरी अडचण तिथे आहे. बहुतेक लोक फीड विषयानुसार लावतात: राजकारण, तंत्रज्ञान, साहित्य. मीही तेच करत असे, आणि प्रत्येक कप्प्यात दिवसाला साठ बातम्या देणाऱ्या दैनिकाखाली वर्षातून चार लेख लिहिणारा अभ्यासक गाडला जात असे. माझ्या मते कप्पे विषयाचे नसावेत, येण्याच्या गतीचे असावेत. माझ्याकडे ‘क्वचित’, ‘आठवड्याचे’ आणि ‘वाहते’ असे तीनच कप्पे आहेत. ‘क्वचित’मध्ये महिन्याला एखादी नोंद देणारे सगळे येतात, त्यांतील एकही नोंद मी न वाचता सोडत नाही, आणि तरीही त्याला रोज दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ‘वाहते’ म्हणजे दैनिके. तिथे सवड असेल तर डोकवायचे आणि उरलेले खुशाल जाऊ द्यायचे. न वाचलेल्या नोंदी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की जुन्या आपोआप वाचलेल्या धराव्यात अशी सोय फ्रेशआरएसएसमध्ये प्रत्येक फीडसाठी आहे, आणि या कप्प्यासाठी ती जरूर वापरावी. जे क्वचित येते त्याच्यासाठीच फीड सर्वांत मोलाची आहे, कारण दैनिक आपण एरवीही उघडतोच. चार महिन्यांनी लिहिणाऱ्याच्या दारात मात्र रोज जाऊन उभे राहणे कोणालाच शक्य नसते.

दैनिकांतूनही नेमके हवे ते काढायचे असेल तर गाळण्या लावता येतात, पण मराठीसाठी त्या विचारपूर्वक लिहाव्या लागतात. ‘पुणे’ हा शब्द दिला तर ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याहून’ सुटतात, ‘पाऊस’ दिला तर ‘पावसाचा’ सुटतो. म्हणून मूळ शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूपही द्यावे. याहून चकवणारी गोष्ट मला ‘शेतकरी’ या शब्दात सापडली. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे डोळ्यांना एकच दिसतात, पण एकात नुक्ता असलेला ऱ आहे आणि दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातलेले आहे. कोणते रूप उमटेल हे टंकणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून असते. माझी गाळणी एका दैनिकाच्या बातम्या बरोबर पकडत होती आणि दुसऱ्याच्या निम्म्या सोडत होती, त्याचे कारण हेच निघाले. आता मी नुसते ‘शेतक’ एवढेच देते; त्यात ‘शेतकी’ही येते, पण त्याने काही बिघडत नाही. मिनिफ्लक्स वापरणार असाल तर रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीतील) शब्दाची हद्द दाखवणारी खूण देवनागरीसाठी टाळावी, कारण तिथे ती केवळ रोमन अक्षरे ओळखते.

ज्यांना फीडच नाही अशा काही स्थळांसाठी आरएसएस-ब्रिज हे साधन पान वाचून फीड तयार करते, परंतु पानाची मांडणी बदलली की ते अडते, म्हणून मी ते अगदी गरजेपुरतेच वापरते. ईमेलने येणारी वार्तापत्रे रीडरमध्ये आणण्यासाठी किल द न्यूजलेटर ही सेवा आहे.

एखादी फीड अचानक गप्प झाली तर लेखकाने लिहिणे थांबवले असे लगेच समजू नये. एका लहान नियतकालिकाची फीड दीड महिना काही देईना, तेव्हा मी तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. फीड एक्सएमएल या स्वरूपात लिहिलेली असते; तसे सांगणारी एक्सएमएलची घोषणा मजकुराच्या अगदी आरंभीच असावी लागते आणि इथे तिच्या आधी एक रिकामी ओळ आली होती; तेवढ्यावरून रीडर सगळी फीड नाकारत होता. त्यांच्या थीमच्या, म्हणजे स्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचाच्या, एका फाइलच्या शेवटी, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची समाप्तीची खूण संपल्यानंतर कोणाकडून तरी दोनदा एंटर दाबले गेले होते. मी संपादकांना नेमकी जागा कळवली, त्यांनी ती ओळ काढली आणि त्याच संध्याकाळी नोंदी पुन्हा उतरू लागल्या. मधल्या काळातील चौदा लेखांपैकी दहाच आले, कारण वर्डप्रेस मुळात फीडमध्ये शेवटच्या दहाच नोंदी ठेवते. राहिलेले चार मी त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन वाचले.