मंगळवारी जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकला खोली मिळाली, हे छान झालं. कोपऱ्यावरचा पब बंद पडायला आलाय असं लिहितेस. वर विचारतेस, मी पीत नाही, मग आत कशाला जाऊ?

जा. लाइम-सोडा माग, कोणी काही विचारत नाही. ऑर्डर आणि पैसे काउंटरवरच. रांग दिसली नाही तरी असते. आपल्याआधी आलेल्याकडे हात करून 'आधी यांचं' म्हणालीस की लोक तुला ओळखायला लागतात. कुणी सगळ्यांसाठी राउंड घेतला, तर पुढची पाळी चुकवू नकोस.

पण शुक्रवारी नको, मंगळवारी जा. इथली जुन्या पद्धतीची एल बिअर तळघरात पिंपातच मुरते. नऊ गॅलनच्या पिंपात ७२ पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे ७२ ग्लास. पिंप एकदा फोडलं की तीनेक दिवसांत संपवायला हवं, नाहीतर चव जाते. आठवड्याच्या मधे गिऱ्हाईक नसलं की मालक उरलेली ओतून देतो, पुढे पिंप मागवणंच सोडतो. मग त्या चवीसाठी येणारे म्हातारेही फिरकत नाहीत. लोक २००७ ची धूम्रपानबंदी, सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, वाढती भाडी अशी पब बंद पडण्याची कारणं सांगतात. तीही खरीच. पण मी पाहिलेले पब आधी मंगळवारीच ओस पडले.

आमच्या वेळी डॉमिनो खेळणारे चार म्हातारे ठरल्या टेबलाला असायचे. त्यातला एक दोन दिवस दिसला नाही, तर मालकीणबाई कुणालातरी त्याच्या घरी पाठवायच्या. एकट्या माणसाची अशी विचारपूस आता कोण करणार, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

मात्र एक विसरू नकोस. याच स्मेदिकमध्ये १९६०च्या दशकात काही पबांच्या चांगल्या खोलीत भारतीयांना बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशन त्याविरुद्ध लढली आणि १९६५ साली कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे आपल्याच पंजाबी लोकांनी या भागातले कित्येक पब चालवायला घेतले. आज तिथे पाइंटसोबत मिक्स्ड ग्रिल, म्हणजे भाजलेल्या मांसाचं ताट, मिळतं आणि गोरे शेजारीही ते खायला येतात.

तुझ्या कोपऱ्यावरचा पब विकायला निघायच्या आत २०११ च्या 'लोकॅलिझम अ‍ॅक्ट' या कायद्याचा उपयोग करा. त्या भागातले २१ रहिवासी मिळून तो 'सामुदायिक मूल्याची मालमत्ता' म्हणून नोंदवा, असा अर्ज कौन्सिलकडे करू शकतात. नोंद झाली की विक्रीच्या वेळी रहिवाशांना पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस हा पब लोकांनी असाच वाचवला. २१ नावांसाठी ती मंगळवारची माणसं ओळखीची हवीत. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव.

तुझा,
काका