निळं पडलं तर आधी गुडघे छातीशी

ताई, तुझ्या बाळासारखंच माझ्या लेकीलाही टेट्रालॉजी ऑफ फॅलोट, म्हणजे हृदयाचा जन्मजात दोष, होतं, म्हणून सांगते. रडता रडता बाळ निळं पडलं, धाप लागली, तर त्याला शांत करत दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धर आणि तडक दवाखाना गाठ. हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, करून दाखव. दूध थोडं थोडं, वारंवार पाज. पिताना कपाळावर घाम येतो का, दमून सोडून देतं का, ते वहीत लिही. वजनही. जुलाब-उलट्या अंगावर काढू नकोस. अंगातलं पाणी कमी झालं की असा निळं पडण्याचा झटका येऊ शकतो.

पैशांसाठी ऑपरेशन लांबवू नकोस. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे मुलांच्या जन्मजात दोषांवर मोफत उपचारांसाठी २०१३ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेची, चौकशी कर. ग्रहण पाळलं नाहीस म्हणून झालं, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझं काहीच चुकलेलं नाही.