मैदानावरची प्रश्नपेटी : मुलगी वाढेल म्हणून बाण कडक घ्यावेत का?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सातवीत आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून तिला आर्चरीचं वेड लागलंय. वर्षभर क्लबच्या धनुष्यावर शिकली, आता स्वतःचं घेतलं आहे. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), 66 इंची, लिंब म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या 20 पाउंडांच्या. तिचा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, 25 इंच भरतो. दुकानदार 500 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या कडकपणाचं माप) कार्बन बाण घ्या म्हणतो, तेही अख्खं डझन. ‘पोरगी वाढणार, लिंब बदलणार, हे तीन-चार वर्षं जातील,’ असं त्याचं म्हणणं. घेऊ का?
– एक पालक, बारामती

उत्तर : नका घेऊ. तीन-चार वर्षं जातील हे खरंच, कारण ते तिच्या हातून नीट लागणारच नाहीत आणि शेवटी माळ्यावर पडून राहतील.

आधी तो 500 चा आकडा बघू. बाणाची दांडी 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवतात आणि मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगतात. दांडी अर्धा इंच वाकली की स्पाइन 500. एक इंच वाकली की 1000. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. आमच्याकडे नवीन येणारे निम्मे पालक हे नेमकं उलटं धरतात. मोठा आकडा म्हणजे दणकट बाण, असं त्यांना वाटतं.

बाण मुळात वाकायला कशाला हवा? रिकर्व्हमध्ये दोरी बोटांवरून सुटते आणि सुटताना जराशी बाजूला सरकते. मागून दोरीचा रेटा, पुढे टोकाचं वजन, त्यात दांडी वाकते, उलट बाजूला वाकते आणि त्या हेलकाव्यात रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या दांड्याला, वळसा घालून निघून जाते. बाण फार कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि जाताना रायझरला किंवा बाण टेकवायच्या रेस्टला घासतो. ‘टक्’ असा आवाज येतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे असे बाण डावीकडे पडतात. मग मुलगी काय करते? नेम धरायची साइट सरकवते, मान वाकडी करते, दोरी सोडताना हात बाहेर फेकते. बाणाची खोड झाकायला तिने लावून घेतलेल्या या सवयी मोडायला आम्हा प्रशिक्षकांचा अख्खा हंगाम जातो. माझा राग पैशांपेक्षा याचा जास्त आहे.

आता तुमच्या मुलीचा हिशोब. लिंबवर छापलेले 20 पाउंड 28 इंच ओढल्यावरचे असतात. ड्रॉ एक इंच कमी झाला की साधारण दोन पाउंड कमी होतात. 25 इंचांवर तिच्या बोटांवर 14-15 पाउंडच येत असणार. खात्री करायची तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवा, बाणावर 25 इंचांची खूण करा आणि तिथवर ओढून आकडा वाचा. (बाण सोडायचा नाही, आणि बाणाशिवाय दोरी तर कधीच सोडायची नाही. लिंब तडकतात.) 14-15 पाउंडांना 500 चा बाण म्हणजे सळईच. तिला 1000 किंवा त्याहून मऊ बाण लागेल. त्या मापात बारीक, आतून 4.2 मिलिमीटर व्यासाच्या दांड्या मिळतात. दुकानात नसतील तर मागवायला सांगा. ‘एवढा मऊ कार्बन येतच नाही,’ असं उत्तर मिळालं तर दुकान बदला.

युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायची आपली रीत बाणाच्या लांबीपुरती मात्र अगदी बरोबर आहे. बाण तिच्या ड्रॉपेक्षा निदान दोन इंच लांब ठेवा. या वयात वर्षभरात ड्रॉ कधी वाढतो ते कळतही नाही, आणि आखूड बाण ओढताना रेस्टच्या मागे घसरला तर सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. ही गंमत नाही. म्हणून दुकानदाराने ‘बरोबर मापात कापून देतो’ म्हटलं तर कापू देऊ नका. लांब दांडी जरा मऊ वागते, तेही तिच्या फायद्याचंच.

पुढे 24 पाउंडांचे लिंब आले तर लगेच नवे बाण घ्यावे लागतीलच असं नाही. पॉइंट, म्हणजे बाणाचं पुढचं टोक, हलका केला की बाण थोडा कडक वागतो, जड केला की मऊ. म्हणून पॉइंट पक्क्या इपॉक्सीने न बसवता हॉटमेल्टने (तापवला की मऊ होणारा गोंद) बसवून घ्या, म्हणजे बदलता येतो. त्याच्या पुढे गेलात की मात्र नवे बाण. त्याला इलाज नाही.

डझनाचं म्हणाल तर आठ पुरेत. मैदानी स्पर्धेत एका एंडला, म्हणजे एका पाळीला, सहा बाण, दोन जादा. आठही एकाच लॉटचे घ्या आणि शक्य झालं तर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून बघा. आमच्या धंद्यात वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. एखादा बाण बाकीच्यांपेक्षा बराच जड-हलका निघाला तर बदलून मागा. पाकिटावर सरळपणाचा आकडा असतो, 0.006 किंवा 0.003 किंवा 0.001 इंच. तिच्यासाठी 0.006 चे घ्या. त्यापुढचे पैसे बोटं वाचवणाऱ्या चांगल्या फिंगर टॅबवर आणि हात वाचवणाऱ्या आर्मगार्डवर घाला.

आणखी एक. अदिती आणि ओजस कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, खेळतात. तिथे दोरी बोटांनी नाही, रिलीज एड नावाच्या हातातल्या खटक्याने सुटते, त्यामुळे बाणाचं वागणं वेगळं आणि निवडीचा तक्ताही वेगळा. त्यांचे फोटो भिंतीवर जरूर लावा, बाणांचा मॉडेल नंबर तेवढा घेऊ नका. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तो रिकर्व्हवर. तुमच्या मुलीच्या वाटेवरचा माणूस तो.

प्रश्न : मॅडम, मी कॉलेजला आहे, रिकर्व्ह, बोटांवर 32 पाउंड, उजव्या हाताने ओढतो. पिसं न लावलेला बाण 18 मीटरवर माझ्या ग्रुपच्या (पिसांचे बाण जिथे एकत्र लागतात त्या जागेच्या) डावीकडे पडतो. बाण अर्धा इंच कापू का?
– एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : कापलास तर तो आणखी डावीकडे जाईल. डावीकडे म्हणजे तुझा बाण आत्ताच कडक आहे, आणि आखूड केला की तो अजून कडक होतो. पॉइंट 80 ग्रेनचा असेल तर 100 चा लावून बघ. प्लंजरची, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या पिनेची, स्प्रिंग थोडी सैल कर. लिंब आवळायच्या टिलर बोल्टने धनुष्याचं वजन पाउंडभर वाढवता येत असेल तर तेही चालेल, पण एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि खरं सांग, तुझा पिसांचा ग्रुप केवढा आहे? पिसांचे सहा बाण ताटाएवढ्या जागेत विखुरत असतील तर बिनपिसांचा बाण तुला काहीच सांगत नाहीये. आधी ग्रुप आण.

प्रश्न : कार्बन बाणाला नॉकजवळ (दोरीत अडकणाऱ्या खाचेजवळ) बारीक चीर गेली आहे. फेविक्विक लावून वापरला तर चालेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. तडकलेला कार्बन बाण दोरी सुटताच फुटू शकतो, आणि त्याचे धारदार धागे हातात शिरले तर काढायला डॉक्टरकडे जावं लागतं. दोन बाण एकमेकांवर आदळले किंवा बाण टार्गेटच्या लाकडी चौकटीला लागला, की तो पुन्हा दोरीला लावण्याआधी दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, जरा फिरवून पुन्हा वाकवा आणि कान द्या. कर्रकर आवाज आला किंवा नखाला चीर लागली की बाण बाद. त्याचे दोन तुकडे करून टाका, म्हणजे क्लबातलं दुसरं कोणी उचलून वापरणार नाही. त्याआधी पॉइंट काढून घ्या. हॉटमेल्टने बसवलेला असेल तर पुढचं टोक उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरा आणि पक्कडीने फिरवत ओढा. गॅसच्या आचेवर धरू नका. चांगल्या बाणाचा पॉइंट बदलतानाही नाही, कारण आचेने कार्बनला बांधून ठेवणारं रेझिन खराब होतं.