कोलोस्टोमीनंतर घरी बॅग बदलताना बीपी, पल्स, ताप रोज बघावा लागतो का?

कोलोस्टोमी, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडून शौच बॅगेत येईल असं ऑपरेशन, होऊन वडिलांना नुकताच डिस्चार्ज मिळालाय, बॅग तुम्हीच बदलताय आणि घरी बीपीचं मशीन आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. माझं म्हणणं, पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बघाच. पुढे डॉक्टरांना विचारून कमी करा.

मोजायचं ते बॅग काढण्याआधी, पाच मिनिटं शांत पडू देऊन. बदलताना माणूस अवघडतो, लाजतो, आकडे वर जातात.

घरची मंडळी बीपीकडेच बघत बसतात. मी आधी मनगट धरते. अंगातलं पाणी कमी झालं किंवा पोटात इन्फेक्शन सुरू झालं की बहुतेक वेळा नाडी आधी धावते. बीपी बराच वेळ तग धरतं आणि मग झपकन उतरतं. नाडी 60 ते 100 नॉर्मल, हे खरं. पण बाबांची रोजची 72 असेल आणि आज पडल्या पडल्या 98 आली, तर नॉर्मलमध्ये बसते म्हणून सोडून देऊ नका. बाबा मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल (बीपी-हृदयासाठीच्या, नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या) घेत असतील, तर मात्र नाडी वाढायला हवी तेव्हाही वाढत नाही. तेव्हा श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. 20 च्या वर जात असेल किंवा ते असंबद्ध बोलत असतील तर लगेच कळवा. ताप पॅरासिटामॉल देण्याआधी बघा. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना फोन करा. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असूनही ताप येत नाही, असंही होतं.

बॅग निघाली की स्टोमा, म्हणजे पोटावर आलेलं आतड्याचं तोंड, नीट बघा. गालाच्या आतल्या भागासारखा लालसर आणि ओलसर हवा. पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरू नका, ते आतड्याचं अस्तर नाजूक असतं. जांभळट, काळपट दिसला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. बॅगेत काहीच येत नाही, गॅससुद्धा नाही, पोट फुगलंय आणि उलट्या होताहेत, तरीही तसंच.

पाण्यासारखं पातळ वारंवार होत असेल आणि लघवी गडद, कमी होत असेल, तर बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून घ्या, कुणीतरी धरून. वरचा आकडा 20 नं उतरला तर पाणी कमी पडलंय असं समजून डॉक्टरांना कळवा.

डिस्चार्ज कार्डही पुन्हा वाचा. त्यावर इलिओस्टोमी, म्हणजे मोठ्याऐवजी लहान आतडं पोटावर उघडलंय, असं लिहिलं असेल तर पाणी फार लवकर जातं. मग बॅगेत दिवसभरात किती आलं तेही मोजून नाडीशेजारी लिहीत चला.