वाचकांचे प्रश्न : जुनी माझदा घेताना आधी पत्रा पाहा

प्रश्न : स. न. वि. वि. मी मूळचा नाशिकचा असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. उघड्या टपाची दोनआसनी माझदा एमएक्स-५ घ्यावी, ही कॉलेजपासूनची हौस आता पुरी करायचे ठरवले आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली १९९१ची, १६०० सीसीची, लाल रंगाची आणि ७१ हजार मैल चाललेली आहे. रंग नुकताच दिलेला असल्यामुळे ती आरशासारखी चमकते. दुसरी १९९५ची, तीही १६०० सीसीचीच, पण १ लाख १८ हजार मैल चाललेली. तिचा रंग विटला आहे आणि टपाची मागची खिडकी पिवळी पडली आहे, मात्र मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल आहे. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच सांगितली आहे. घरच्यांचा कल अर्थातच लाल गाडीकडे आहे. महिन्यातून दोन-तीनदा लंडनला, हॅरोमध्ये राहणाऱ्या बहिणीकडे जाणे होते. इंजिनाची तपासणी कशी करावी, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आपण इंजिनाबद्दल विचारले आहे, परंतु मी आधी पत्र्याबद्दल लिहिणार आहे, कारण पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातल्या एमएक्स-५मध्ये माणूस बुडतो तो इंजिनामुळे क्वचितच. हे इंजिन मूळचे माझदा ३२३ या साध्या कुटुंबवत्सल गाडीच्या घराण्यातले, बिडाच्या ब्लॉकचे आणि सोशीक आहे. त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा, चालता चालता तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, नवा बेल्ट बसवला की पुन्हा चालू लागते. शिवाय एप्रिल २०१६पर्यंत या नावाच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तेही माफक दरात. पत्र्याचे मात्र तसे नाही. या गाडीला पक्के छप्पर नसल्यामुळे तिचा बराचसा ताठपणा दाराखालच्या दोन पोकळ तुळयांवर, म्हणजे सिलवर, अवलंबून असतो, आणि गंज नेमका तिथेच, आतून धरतो.

त्याचे कारण समजून घेतले तर कुठे पाहायचे तेही कळेल. टपावर पडलेले पाणी सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडते. या नळ्यांत पानांचा चुरा आणि माती साचली की पाण्याची वाट बंद होते आणि सिलच्या मागच्या टोकाला ओल कायमची राहते. त्यात इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ बाहेरून मदतीला असतेच. पत्रा बाहेरून फुगलेला दिसू लागतो तोवर आतला थर बहुधा खाल्लेला असतो.

तेव्हा गाडी पाहायला जाल तेव्हा जुनी पँट घाला आणि गुडघे टेकून बसा. मोबाइलच्या उजेडात मागच्या चाकाच्या पुढचा सिलचा वीतभर भाग आणि चाकावरच्या कमानीची आतली कड नीट पाहा. तुरीच्या डाळीएवढा रंगाचा फोड दिसला तरी त्याला किरकोळ समजू नका. पातळ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक सिलवरून पुढून मागे फिरवत न्या. जिथे तो पकड सोडेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. बोटाच्या पेराने वाजवून पाहिले तरी फरक कळतो : पत्रा टणटणतो, लांबी थपथपते. नुकताच दिलेला रंग पाहून आपल्या घरच्यांना आनंद झाला असेल, माझ्या मनात मात्र शंका आली. कोणी तीस वर्षांची गाडी विकायच्या आधी तिच्यावर रंगाचा खर्च का करतो, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारावा आणि रंग देण्यापूर्वीचे फोटो मागावेत. ज्याने काम प्रामाणिकपणे केलेले असते त्याच्याकडे ते असतात.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. माझी पहिली एमएक्स-५ मी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, ओल्या रंगाला भुलून घेतली. पुढच्याच एमओटीला, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, तपासनिसाने डावीकडच्या सिलवर हातोडीच्या टोकाने हलकेच ठोकले आणि ते टोक आत गेले. दोन्ही सिल कापून नवा पत्रा वेल्ड करण्याचे बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाले.

एमओटीचा विषय निघालाच आहे तर घरबसल्या करण्याजोगे एक काम सांगतो. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून २००५पासूनच्या वार्षिक तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्यात गाडी पास झाली की नापास, एवढेच पाहून थांबू नका; खाली अ‍ॅडव्हायझरी म्हणून लिहिलेल्या सूचना वर्षावर्षाने वाचा. एका वर्षी ‘सिलला किंचित गंज’, दोन वर्षांनी ‘गंज वाढलेला’ आणि त्यानंतर दुरुस्तीचे कोणतेही बिल नसताना सूचनाच नाहीशी, असा क्रम दिसला तर ती लांबी भरल्याची खूण असू शकते. दर वर्षीचे मैलही तिथे नोंदलेले असतात, त्यामुळे कोणी काटा मागे फिरवला असेल तर तेही उघडे पडते. ७१ हजारांची खातरजमा आधी तिथे करावी.

आता इंजिन. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड असताना मला सुरू करायची आहे, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ती खरोखर थंड आहे ना, हे पाहा. सुरू झाल्यावर वरच्या बाजूने येणारी बारीक टकटक बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, असते. ती काही मिनिटांत थांबली तर चिंता नसावी. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी झाली असेल तर तडकण्याच्या बेतात आली आहे असे समजून नवीन रेडिएटरचे पैसे किमतीतून कापून घ्या. क्लचचा पेडल खाली बसत असेल तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा असतो, आणि तो भाग स्वस्त आहे. गाडी थंड असताना दुसरा गिअर थोडे आढेवेढे घेतो, तो या गाडीचा स्वभावच आहे. गरम झाल्यावरही खरखर राहिली तर मात्र पुढे जाऊ नका.

१९९१च्या गाडीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहायची आहे. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण १९९१च्या मध्यापर्यंतच्या १६०० सीसी इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, पुढचे नाक आखूड होते. बेल्ट बदलताना तिथला बोल्ट योग्य ताणाने आवळला गेला नाही, तर पुली हळूहळू हलू लागते, तिला दांड्यावर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, टायमिंग चुकते आणि शेवटी क्रँकशाफ्टच निकामी होतो. इंजिनाच्या समोरून खाली पुलीकडे पाहा : तिच्यावर चार खाचा असतील तर ते जुने आखूड नाक आहे, आठ असतील तर नंतरचे, लांब. चार खाचा असूनही लाखो मैल चाललेल्या गाड्या आहेत, पण अशा गाडीचा बेल्ट कोणी आणि कधी बदलला, याचा कागद हवाच. लाल गाडीच्या मालकाकडे तो आहे का, हे आपल्या पत्रात नाही.

दुसऱ्या गाडीचा एक उणेपणा लपवून ठेवणे योग्य होणार नाही. ब्रिटनमध्ये १९९०पासून विकलेल्या १६०० सीसी गाडीची ताकद सुमारे ११४ अश्वशक्ती होती, तर १९९५पासूनच्या १६०० सीसीची ८८वर आणली गेली. ज्यांना जोर हवा त्यांच्यासाठी १८०० सीसी ठेवली होती. हा फरक चालवताना जाणवतो. गंमत अशी की ऑइलच्या दाबाचा काटाही त्या सुमारास बदलला. जुन्या गाडीत तो खरा दाब दाखवतो, म्हणून एक्सिलरेटरबरोबर वरखाली होतो. नंतरच्या गाडीत तो दाब आहे एवढेच सांगून मध्यावर बसून राहतो. १९९५च्या गाडीतला स्थिर काटा पाहून ‘इंजिन किती उत्तम’ असे कोणी म्हटले तर हसून सोडून द्यावे.

आणि हॅरो. ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये (पालिका विभागांत) प्रदूषणशुल्काचा यूलेझ विभाग लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषणमानकाच्या दर्जाची नसेल तर, ती ज्या दिवशी तिथे चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात, आणि आपण पाहिलेल्या दोन्ही गाड्या त्या दर्जाच्या बऱ्याच आधीच्या आहेत. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ऐतिहासिक वर्गात सूट मिळते खरी, पण १९९१च्या गाडीला ती मिळायला अजून बराच अवकाश आहे. बहिणीकडे रेल्वेने जावे. रस्ताकराचेही असेच दुर्दैव : मार्च २००१पूर्वीच्या गाड्यांत १५४९ सीसीपर्यंत कमी दर असतो आणि ही गाडी १५९८ सीसीची आहे.

माझे मत विचाराल तर चुंबकाच्या परीक्षेत उतरली तर १९९५ची घ्यावी. रंग विटलेला असला तरी त्याखाली काय आहे ते दिसते, मागची खिडकी नवी बसवता येते, आणि फाइलमधल्या बिलांत टायमिंग बेल्ट गेल्या पाच-सहा वर्षांत किंवा ६० हजार मैलांच्या आत बदलल्याचे सापडले तर मोठा खर्च टळला. टायरच्या बाजूवरचे चार अंकही वाचा; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण वयाने कडक होतात, आणि जेमतेम टनभर वजनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी ओल्या रस्त्यावर अशा टायरांनी चटकन फिरते.

प्रश्न : माझ्याकडे १९९६ची एमएक्स-५ आहे. पाऊस झाला की चालकाच्या सीटमागच्या गालिच्याखाली पाणी साचते. टप कुठेही फाटलेला नाही. गॅरेजमध्ये टपच बदलायला सांगितले आहे. तसेच हँडब्रेक खूप वर ओढावा लागतो. हिवाळ्यात गाडी चालवावी की झाकून ठेवावी?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : टप बदलण्याची घाई करू नका. वरच्या उत्तरात सांगितलेल्या नळ्याच तुंबल्या असण्याचा संभव जास्त आहे. टप अर्धा उघडून सीटबेल्टच्या खांबाच्या मागे असलेल्या नळीच्या तोंडात पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या कोणाला तरी मागच्या चाकापुढे, गाडीखाली पाहायला सांगा. पाणी धारेने बाहेर आले तर नळी मोकळी आहे. ठिबकले किंवा आलेच नाही तर गवत कापायच्या यंत्रात वापरतात तसली प्लास्टिकची जाड तार खालून किंवा वरून, जोर न लावता, फिरवत सरकवा. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते आणि मग पाणी थेट सिलमध्ये जाते. माझ्या गाडीतून एकदा चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ मूठभर निघाला होता. हे काम पानगळ संपल्यावर दर वर्षी करावे. गालिचा मात्र पूर्ण बाहेर काढून वाळवावा. त्याच्याखालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि तळाचा पत्रा खातो.

हँडब्रेकसाठी केबल बदलण्यापूर्वी मागच्या कॅलिपरवरची, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरची, जुळणी करून घ्या. कॅलिपरच्या मागे १४ मिलिमीटरचा एक बोल्ट असतो. तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन चावीने फिरणारा स्क्रू मिळतो. पॅड डिस्कला टेकेपर्यंत तो फिरवायचा आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा सैल करायचा. दोन्ही बाजूंचे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे. गाडी उचलताना जॅक सिलच्या मधोमध लावू देऊ नका; खालची कड वाकते, तिथला रंग तडकतो आणि गंजाला नवे दार उघडते.

हिवाळ्याबाबत माझे स्पष्ट मत असे की, मीठ टाकलेल्या रस्त्यावर ही गाडी नेऊ नये. झाकून ठेवताना प्लास्टिकचे आवरण वापरू नका, त्याखाली ओल कोंडते. हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा, नाहीतर मागचे पॅड धरून बसतात. या गाडीची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे तिथे साधी बॅटरी न बसवता वायू नळीने बाहेर सोडणारी, बंदिस्त प्रकारचीच बसवावी, आणि ती लहान असल्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीत चार्जर जोडून ठेवावा. रस्ताकर थांबवायचा असेल तर ‘सॉर्न’ची, म्हणजे गाडी रस्त्यावर नसल्याची सरकारी, नोंद करा आणि गाडी खासगी जागेतच ठेवा. थंडीच्या दिवसांत टप खाली करायचा मोह झालाच, तर मागच्या प्लास्टिक खिडकीची चेन उघडून ती आधी सपाट पसरवा. गारठलेले प्लास्टिक दुमडले की घडीवर चिरते.

प्रश्न : पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतत आहोत. माझी १९९४ची एमएक्स-५ बरोबर नेता येईल का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती निर्मितीच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. आपली गाडी उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची असल्याने ती एक अट पुरी होते, पण वयाची होत नाही. सामानाबरोबर पाठवून देण्याचे आश्वासन कोणी एजंटाने दिले असेल तर त्याला एक पैसाही देऊ नका. गाडी बंदरात अडकते आणि जागेचे भाडे दिवसागणिक चढत राहते. ती इंग्लंडमध्येच, वसंत ऋतूत, उन्हे पडू लागल्यावर विकावी. तेव्हा गिऱ्हाईक जास्त असते. आणि नवा मालक गुडघे टेकून सिल पाहू लागला तर त्याला आपणच टॉर्च द्यावा.