मुलगा सतत धडपडतो, आता मैदानावर जायलाच नको म्हणतो. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा नऊ वर्षांचा मुलगा लेस बांधताना रडकुंडीला येतो, चेंडू झेलता येत नाही म्हणून पोरं चिडवतात, आणि खेळाचा तास असला की सकाळपासून त्याचं पोट दुखतं. तो आळशी आहे का, असं विचारलंत. मी नागपुरातच ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लेस बांधण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणं हे माझं काम. मला जास्त काळजी वाटते ती त्या पोटदुखीची.

आळस नाही हा. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हालचालींचा मेळ घालणं असं जड जातं. त्याला डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) किंवा डिस्प्रॅक्सिया म्हणतात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे आपल्याला जमत नाही हे त्याला पुरतं कळत असतं. गट पाडताना सगळ्यात शेवटी नाव येतं, मग तो खेळ टाळतो, सराव आणखी घटतो, मित्र तुटतात. या मुलांत चिंता आणि उदासी जास्त दिसते, ती बरीचशी इथून येते.

म्हणून हस्ताक्षर गिरवून घेत असाल तर ती वही काही दिवस बाजूला ठेवा. खेळाच्या सरांना भेटा. कॅप्टनला पोरं निवडू देण्याऐवजी नंबर मोजून गट पाडा, एवढंच मागा. आणि त्याला कायमचं स्कोअर लिहायला बसवू नका म्हणावं, तेही बाहेर काढणंच आहे.

घरी एकच गोष्ट घ्या, त्याने निवडलेली. संक्रांतीला दरवर्षी त्याच्या हाती फक्त चक्रीच येते का? त्याला पतंग उडवायचा असेल तर तोच शिकवा. आधी काय करशील, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बदलशील, हे त्यालाच ठरवू द्या. हात धरून करवून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल तर लगेच. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे, तिथे तपासणीचं विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, पुढे परीक्षेत जादा वेळ मागायला ते कामी येऊ शकतं.

शाळेत जाण्याआधी मात्र सरांना काय सांगू, हे त्याला विचारा. काही मुलांना वर्गात कळलेलं चालतं, काहींना अजिबात नाही.