दारात विचारलेला प्रश्न : टॅब घ्यावा की नको?

नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रकार वारंवार घडतो. तासभर बोलणं झालेलं असतं. समोरचं माणूस उठतं, चपला घालतं, कडीला हात लावतं आणि तिथून मागे वळून म्हणतं, "मॅडम, एक विचारायचं राहिलंच. टॅब घ्यावा का हो?"

विचारणारी माणसं अगदी वेगवेगळी. चौथीतल्या मुलाची आई, अभ्यासिकेत दिवस काढणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. घरात फोन सगळ्यांकडे आहेत, काहींकडे लॅपटॉपही आहे. टॅब मात्र पहिलाच, आणि त्याच्याभोवती महिनोन्‌महिने घोळ चाललेला. 2011 साली सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला. तेव्हापासून टॅब म्हणजे अभ्यास, टॅब म्हणजे प्रगती असं काहीतरी आपल्या मनात बसलंय, असं मला वाटतं. त्यामुळे तो नाही घेतला तर आपण मागे पडलो, आणि घेऊन पडून राहिला तर मूर्ख ठरलो. दोन्हीकडून कोंडी. सतरा वर्षांच्या कामात मी एवढं शिकले आहे की दारात विचारलेला प्रश्न हलका समजायचा नाही. मी त्या माणसाला परत आत बोलावते.

असंच परत बोलावलेल्या एका काकूंची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू मानेवाड्याच्या. जमिनीच्या नोंदींच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्यात. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं, बाकी तपासण्या ठीक होत्या. तिसऱ्या भेटीत, दारात, तो प्रश्न आला.

"मुलगा म्हणते घेऊन टाक आई, पैसे मी पाठवतो. मी चारदा सीताबर्डीला जाऊन आली जी. दुकानात जाते, हातात घेते, अन् परत येते. रात्री मग तेच डोक्यात. काऊन गेली, काऊन नाही घेतला."

"टॅब कशाला हवाय?"

"मोडी शिकून राहिली मी. ऑनलाइन वर्ग आहे, आठवड्यातून दोनदा. नोकरीत जुने मोडी कागद यायचे, आम्हाला कोणालाच वाचता येत नव्हते. तेव्हाचं मनात होतं."

मला मनापासून आनंद झाला. आणि त्या आनंदात मी चूक केली. पुढची दीड भेट मी त्यांना माहिती देत बसले. पडदा किती इंची असावा, साठवण किती लागेल, सिम टाकायची सोय हवी की नको. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं, पाचव्यांदा बर्डीला गेल्या आणि परत आल्या. आता त्यांच्याकडे तुलनेचे तीन तक्ते होते आणि झोप आणखी उडालेली होती. माहितीने अज्ञान जातं, भीती जात नाही. भीतीला तर माहिती खुराक पुरवते. प्रत्येक नव्या माहितीबरोबर चुकायची एक नवी जागा तयार होते.

पुढच्या भेटीत मी टॅबचं नाव काढलं नाही. "याआधी घरात अशी मोठी वस्तू तुमच्या आग्रहाने कधी आली होती का?" एवढंच विचारलं.

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या.

2007 साली त्यांच्या हट्टाने घरात संगणक आला होता. यजमानांनी सोसायटीचं कर्ज काढलं, 34 हजार लागले. मुलगा आठवीत होता, तो त्यावर खेळ खेळला. नंतर वसतिगृहात गेला आणि संगणक काकूंनी शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली राहिला. यजमान वाईट नव्हते. पण पैशाचा विषय निघाला की त्या कव्हराकडे बोट दाखवायचे. "हा तुझा डबा."

"डबा म्हणायचे त्याला. पाहुण्यांसमोरही," काकू म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलं, आता असं पुन्हा होऊच द्यायचं नाही."

आता तो भाग लिहिते, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

मे महिन्याची दुपार होती. बाहेर चव्वेचाळीसच्या पुढे पारा, आत कूलर, वाळ्याचा वास. मी म्हटलं, "काकू, समजा तो संगणक पूर्णच वाया गेला. एक रुपयाही कामी आला नाही. असं धरून चालू."

"धरायचं काय त्यात, गेलाच ना जी वाया."

"बरं. गेला. मग?"

"मग काय?"

"मग काय झालं?"

त्या चमकल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "यजमान बोलले."

"आणखी?"

"दर दिवाळीला बोलले. सोसायटीचा हप्ता कापला जायचा, तीन वर्षं."

"आणि तीन वर्षांनी?"

"फिटला."

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, मी तो गिळला. अशा वेळी आपण गप्प राहणं हेच काम असतं. कूलरच्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. काकू खिडकीकडे बघत होत्या, बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"फिटला," त्या पुन्हा म्हणाल्या. "अन् त्याच्या पुढच्या वर्षी तर आम्ही वरची खोली बांधली. पोराची फी भरली. काहीच नाही अडलं." मग माझ्याकडे वळून, जवळजवळ रागाने, "म्हणजे वाया गेले अन् काहीच नाही झालं? मग मी इतकी वर्षं कशाला भिऊन राहिली बाप्पा?"

त्यांनी पाणी मागितलं. एक पेला प्यायल्या, आणखी एक मागितला. त्यानंतर अर्धा तास त्या यजमानांबद्दल बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यात तक्रारही होती आणि आठवणही. मी वहीत काहीही लिहिलं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी इथे वेगळं केलं असतं. "अहो, वाया कुठे गेला? मुलाचा हात बसला, तुम्हाला माहिती झाली," असं म्हणून समजूत घातली असती. त्याने बरं वाटतं, पण गाठ सुटत नाही. कारण "पैसा वाया जाताच कामा नये" हा नियम तसाच राहतो. फक्त तेवढा एक संगणक त्या नियमातून वाचतो, आणि पुढची वस्तू पुन्हा त्याच फासात येते. माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर झाली. 1955 पासून त्यांनी जी उपचारपद्धत मांडली, तिचं सार माझ्या लेखी आपल्या मराठीतल्या एका अक्षरात मावतं : च. "चूक होऊ नये" ही शहाण्या माणसाची इच्छा झाली. "चूक होताच कामा नये" हा हुकूम, आणि हुकुमाखाली वावरणारं माणूस दुकानातून पाचदा रिकाम्या हाताने परत येतं. काकूंच्या मनातला तो 'च' त्या दुपारी गळाला. तो मी काढला नाही, योग्य जागी थांबले एवढंच. पण अशी थांबायची जागा सापडायला मला बरीच वर्षं लागली आहेत, हे मी समाधानाने सांगते.

त्यानंतर टॅबबद्दल बोलणं सोपं झालं. तेव्हापासून हेच मी सगळ्यांना सांगते.

दुकानात जायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. फोनवर काम करताना जिथे खरंच अडलं, तेवढंच लिहा. 'असता तर बरं झालं असतं' हे लिहायचं नाही, फक्त अडलेलं लिहायचं. काकूंच्या वहीत पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या आणि सातही मोडीच्या. बातम्या, मुलाशी व्हिडिओवर बोलणं, भजनं, बँकेचं काम, यातलं काहीही फोनवर अडत नव्हतं. वर्गाचे सर मात्र जुन्या कागदांच्या पीडीएफ पाठवत. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. त्यामुळे पूर्ण ओळ डोळ्यांसमोर असल्याशिवाय शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पळते, ओळ बसवली की अक्षर मुंगीएवढं होतं. ही खरी अडचण. इथे मोठ्या पडद्याचं काम आहे.

मापासाठी तक्ता लागत नाही, एक ए-फोर कागद पुरतो. तो मधोमध दुमडा. 11 इंची टॅबचा पडदा साधारण तेवढाच रुंद असतो, उंचीला थोडा जास्त. म्हणजे उभा धरला तर ए-फोर पान मूळच्या सुमारे 70 टक्के आकारात दिसेल, आणि आडवा धरला तर मुळाहूनही रुंद, फक्त वर-खाली सरकवावं लागेल. फोनवर तेच पान जेमतेम एक तृतीयांश होतं. आठ-नऊ इंची टॅब हातात हलका, पण पानं वाचायला अपुरा. काकूंनी तो दुमडलेला कागद पर्समध्ये ठेवला होता आणि दुकानदाराच्या टॅबवर लावून बघितला!

मग आठ दिवस कुणाचा तरी टॅब मागून आणा. मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी आणा. काकूंनी भाचीचा आणला. पहिले दोन दिवस नवलाई, तिसऱ्या दिवशी कंटाळा, पाचव्या दिवसापासून जे होतं ते खरं. त्यांनी रोज संध्याकाळी तासभर कागद वाचले.

आणि रक्कम. किती परवडतात, असं मी विचारत नाही. उद्या टॅब पडून राहिला तर किती रुपयांवर पाणी सोडता येईल, हे विचारते. तो आकडा घरी बसून ठरवायचा, दुकानात नाही. काकूंनी 18 हजार ठरवले, आणि मुलाचे पैसे घ्यायचे नाहीत हेही. "माझी चूक माझ्याच पैशाची," म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

बाकीचं थोडक्यात. सिमची सोय नसलेला टॅब स्वस्त पडतो, फोनच्या हॉटस्पॉटवर त्याचं भागतं. कंपनी किती वर्षं अपडेट देणार हे विचारा. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं, पण त्याचे अपडेट लवकर थांबतात. पेन आणि कीबोर्ड पहिल्या दिवशी घेऊ नका. तीन महिन्यांनी वहीत अडचण दिसली तर बघा. आणि आपल्या नागपुरासाठी खास : या बॅटऱ्यांना उष्णता बाधते, 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं कंपन्या सांगतात. मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत किंवा उन्हाच्या गॅलरीत टॅब ठेवायचा नाही, चार्जिंगही सकाळी किंवा कूलरच्या खोलीत.

याच वाटेने जाऊन काहींचं उत्तर 'नको' येतं, आणि तेही तितकंच खरं असतं. राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा "टॅबशिवाय अभ्यास होतच नाही" म्हणत आला. वही ठेवली तेव्हा दिसलं की अडत होतं ते लिहिण्यापाशी. मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, आणि पानभर उत्तर हाताने लिहायची त्याला भीती वाटत होती. त्याने कोऱ्या कागदांची रिमं आणली.

लहान मुलांचे आईवडील विचारतात तेव्हा मी जरा कडक होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी तर आणखी चांगलं. मोठ्या मुलांबाबत मी एकच विचारते : टॅब घरात रात्री कुठे झोपेल? याचं उत्तर आईवडिलांना एकमताने देता येत नसेल, तर खरेदी पुढे ढकला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, हे खरं. पण छापील पुस्तक दप्तरात असताना केवळ त्यासाठी टॅब लागत नाही.

काकू जूनमध्ये सहाव्यांदा बर्डीला गेल्या आणि टॅब घेऊन परतल्या. दुकानदाराने पेन आणि कव्हर पुढे केलं, त्यांनी नको म्हटलं. महिन्याभराने भेटायला आल्या तेव्हा टॅब झालरीच्या कापडी पिशवीत होता. संगणकाच्या जुन्या कव्हराची काटछाट करून शिवलेली पिशवी. झोप पूर्ण सुधारली नव्हती, पण बरी होती. त्यांनी टॅब माझ्या टेबलावर आडवा ठेवला, सरांनी पाठवलेला कागद उघडला आणि बोट फिरवत मला एक ओळ वाचून दाखवली, विहिरीच्या पाण्यावरून दोन भावांत झालेल्या भांडणाची. मध्ये एका अक्षरापाशी अडल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा 'त' आहे का 'न', नाही समजून राहिलं. मी 'न' धरून पुढे जाते," त्या म्हणाल्या. "रात्री सर सांगतील. चुकलं तर चुकलं."